बारावी वाटी

ग्रुपवर मेसेज पडला तेव्हा मी जेवत होते. डाव्या हातानं टाइप करून पहिला रिप्लाय माझाच गेला. "मी! मी! माझ्याकडं लई भारी गोष्ट आहे!" आता आठवलं की स्वतःच्याच टाळक्यात एक टपली मारावीशी वाटते.

मेसेज असा होता की पुण्याहून काही कलाकार मंडळी येऊन सोलापुरात दोन दिवसांचा कार्यक्रम करणार आहेत. ज्यांचं घर आपल्या कॉलनीत एकटंच वेगळं होतं, म्हणजे आजूबाजूला सगळे एका साच्यातले आणि मधे हे एक घर, अशा घरात वाढलेल्या पोरापोरींनी स्टेजवर येऊन आपलं लहानपण सांगायचं. प्रत्येकी पाच मिनिटं. आणि घरातली एक वस्तू आणायची, ती बाहेर टेबलावर मांडणार. तेलुगू बोलणारा एक मुलगा होता, त्याचं घर विणकरांच्या पेठेतून उठून बंगल्यांच्या कॉलनीत गेलेलं. दखनी बोलणारी एक मुलगी होती, ती म्हणे दहावीपर्यंत मैत्रिणींना घरी घेऊनच गेली नाही. आणि मी. आम्ही बौद्ध. विजापूर रोडच्या आत एक कॉलनी, आमच्या गल्लीत तेरा घरं. बारा त्यांची आणि एक आमचं.

मला वस्तू शोधावी लागलीच नाही. वाट्या!

मी तिसरीत असताना आम्ही गावातली वस्ती सोडून इथं आलो. पप्पा पाटबंधारे खात्यात. त्यांनी कर्ज काढून घर बांधलं आणि मम्मीनं पहिल्याच उन्हाळ्यात ठरवलं की बुद्धपौर्णिमेला गल्लीत खीर वाटायची. वस्तीत वाटायचोच की आम्ही. तिथं तर वाट्या अशा फिरायच्या की कुणाची कुणाकडं काही पत्ता नसायचा. आमच्या मांडणीत दुसऱ्यांच्या नावाच्या चार वाट्या, आणि आमच्या कुठं कुठं. कुणी विचारायचं नाही. पण इथं नवीन गल्ली, नवीन लोक, म्हणून मम्मी भांड्याच्या दुकानातनं डझनभर नव्याकोऱ्या स्टीलच्या वाट्या घेऊन आली. प्रत्येक वाटीवर पप्पांचं नाव घालून घेतलं. तो माणूस मशिनीनं टर्रर्र करत नाव कोरत होता आणि मी शेजारी उभी राहून मोजत होते. बारा घरं, बारा वाट्या.

पौर्णिमेला मम्मी पहाटे उठायची. मे महिना, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, म्हणून सात वाजायच्या आत खीर वाटून व्हायची. ताट धरून मी पुढं, मागं मम्मी. सगळे हसून घ्यायचे. संध्याकाळपर्यंत वाट्या परत यायच्या, आणि प्रत्येक वाटीत साखर! दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, हे इथं पोराबाळांना पण कळतं. साखर नाहीतर गूळ, काहीच नसलं तर दोन लिंबं. मी ती साखर चमच्यानं खायचे. पौर्णिमा म्हणजे माझ्यासाठी साखरेचा दिवस होता.

तिसऱ्या वर्षी, मी पाचवीत, आमचं शटलकॉक दोन घरं सोडून तिसऱ्या घराच्या मागच्या अंगणात पडलं. आणायला गेले. तिथं बदामाच्या बुडाशी आमची खीर. काजू, बेदाणे, सगळं तसंच. मुंग्यांची ही लांब रांग लागलेली. मी पळत घरी आले तर त्याच घराची वाटी आमच्या ओट्यावर येऊन बसलेली. साखरेनं शिगोशीग भरलेली.

"मम्मी, त्यांनी खीर झाडाला ओतली!"

"उनानं नासली असंल."

"सकाळी सातला दिली की आपण!"

"गप बस. जेवायला बस."

पुढच्या वर्षी खीर झालीच नाही. मम्मीनं मिठाईच्या दुकानातनं पेढ्यांचे बॉक्स आणले, सीलबंद. पॅक असलं की चालतं, हे तिनं कुणाला न विचारता ओळखलं. आणि मी येडी इतकी खूश, की आता आम्ही बॉक्स वाटतो म्हणजे श्रीमंत झालो.

तर त्या तिसऱ्या वर्षी बारापैकी अकरा वाट्या परत आल्या. समोरच्या काकूंकडं दिलेली बारावी काही आली नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. समोरची काकू म्हणजे अक्कलकोटकडची, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड. मी पाचवीतच निकाल लावून टाकला होता की बाकीच्यांनी खीर तरी टाकली, ह्यांनी वाटीसकट टाकली. बारा वर्षं मी हा निकाल सांभाळला. स्क्रिप्टमध्ये लिहिलं, "अकरा वाट्या साखर घेऊन परत आल्या, आणि बारावी त्यांनी माझ्या बापाच्या नावासकट टाकून दिली." लिहून झाल्यावर मलाच काटा आला अंगावर.

कार्यक्रमाच्या ताईंना तर ते इतकं आवडलं, की चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. पुण्याच्या, लई गोड बोलणाऱ्या. "नावासकट टाकून दिली, इथे एक पॉज घे हं. आणि आणखी थोडं आत जा ना. त्या लहान मुलीला त्या क्षणी काय वाटलं?" काय वाटणार? साखर ओकून टाकावी वाटली. पण मी उत्साहात "हो ताई, नक्की ताई" लिहिलं आणि सोबत पाच हार्ट पाठवले.

मग स्वयंपाकघरात प्रॅक्टिस चालू केली. मम्मी शेंगा सोलत बसलेली. मी फ्रिजला टेकून, हात वगैरे हलवून, पॉज घेऊन म्हटलं. पॉजमध्येच मम्मी म्हणाली, "कुणी टाकली?"

"समोरच्या काकूंनी."

"तू बघितलंस?"

"नाही, पण..."

"तिच्याकडं हाय ती."

"तू बघितलीस?"

मम्मीनं दोन शेंगा सोलल्या. कुठनं बघणार? बारा-पंधरा वर्षांत ती काकूंच्या व्हरांड्याच्या आत गेलेली नाही. काकू आमच्या फाटकाच्या आत आलेली नाही. दोघींचं सगळं रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं. कोथिंबीर फाटकावरनं, कढीपत्ता फाटकावरनं. मम्मीचं ऑपरेशन झालं तेव्हा काकू रोज सकाळी फाटकाशी येऊन "कशी हाय आता?" म्हणून ओरडायची. आतनं पप्पा "बरी हाय" म्हणून ओरडायचे.

"शेजारणीची एखादी वाटी घरात राहतीच," मम्मी म्हणाली. "वस्तीत न्हवत्या का आपल्याकडं चार-चार? बाकीच्यांनी धुऊन, पुसून, साखर घालून मोकळं करून घेतलं. तिनं ठेवली. ठेवली म्हंजे तिच्या हातात ऱ्हाती रोजची."

"हे तू तुझ्या मनानं ठरवलंस मम्मी."

"आन् तू?"

"मी लॉजिकनं!"

"लॉजिक! माझं एवढं एकच हाय ह्या गल्लीत. ते बी स्टेजवर चढून मोडायलीस व्हय?"

हॉलमधनं पप्पा, टीव्हीचा आवाज कमी न करता, "एका वाटीवर पंचायत बसलीय! चला, नवी आणतो."

मला इतका वैताग आला! दोघी जणी एका वाटीवरून भांडतोय आणि एकीनंही ती बारा वर्षांत बघितलेली नाही. मी म्हटलं जाऊन विचारते. मम्मी म्हणाली, "विचारायचं नसतं ग ते." मी चप्पल घातली होती.

दुपारचे चार. काकू व्हरांड्यात खुर्चीवर. "बा ग, बा. ऊटा आयता?" म्हणजे ये, जेवलीस का. मी "झालं काकू" म्हणून कार्यक्रमाचं सांगितलं, तुम्ही नक्की या म्हटलं, आणि एका श्वासात म्हटलं, "काकू, मी पाचवीत असताना आमची एक वाटी तुमच्याकडं राहिलेली. पप्पांच्या नावाची. आहे का हो?"

काकूचा चेहरा असा झाला जसं काय मी तिला चोरी करताना धरलं. ती उठून आत गेली. तेवढ्यात सूनबाई, म्हणजे आमची वहिनी, दारात आली.

"कशाला पाहिजे ग एकदम?"

"कार्यक्रमाला, वहिनी."

"अगं मग आधीच मागायची ना. पडूनच असेल कुठेतरी."

आतनं काकूचा आवाज, "पडून न्हवती."

डब्याचं झाकण वाजलं. नळ सुरू झाला. लई वेळ चालू राहिला. मग काकू बाहेर आली आणि वाटी माझ्या हातात दिली. ओली, आणि साखरेनं भरलेली. वाटी चारी बाजूंनी घासून घासून गुळगुळीत झालेली. कोरलेल्या नावाच्या खाचांत मात्र पीठ तसंच बसलेलं, नळाखाली पण न निघालेलं.

"पिठाच्या डब्यात असती ती," काकू म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मी उडतच रस्ता ओलांडला! मम्मी बरोबर! मी चूक! चूक असून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. "मम्मी! पिठाच्या डब्यात! रोज वापरतात! तू म्हणालीस तस्संच!"

मम्मीनं वाटीकडं बघितलं. साखरेकडं बघितलं. "मागून आणलीस?"

"हो, म्हणजे प्रूफ..."

"साखर घालून दिली तिनं?"

"हो."

"मग झालं. संपलं."

ती वाटी हातात पण घेतली नाही तिनं. मला तेव्हा कळलं मी काय करून ठेवलंय. बारा वर्षं न फिटलेली वाटी मी पाच मिनिटांत फेडून आणली. आता रस्त्याच्या ह्या बाजूला पूर्ण डझन आणि त्या बाजूला काही नाही. मी म्हटलं परत देऊन येते. मम्मी म्हणाली, "आता काय म्हणून देणार? ठेव तिकडं."

चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. काकू पण फाटकाशी दिसेना. आणि इकडं ताईंचं वेगळंच. मी सगळं खरं खरं सांगितल्यावर त्या म्हणतात, "अगं, पण टाकलीच नाही म्हटल्यावर तुझी गोष्ट कुठे राहते? जरा सपाट होतंय."

"पण ताई, टाकली नाही ना त्यांनी."

"हो, पण तुला तर तसं वाटत होतं ना इतकी वर्षं? ते तुझं सत्य आहे. आपण ते ठेवू."

माझं सत्य म्हणे! काकूंच्या हातातल्या वाटीचं काय मग? मी फोन म्यूट करून उशीत तोंड घालून ओरडले. सकाळी त्यांनी स्वतःच नवीन आयडिया काढली. पोस्टरच बदललं! माझ्या हातात वाटी, आणि वर मोठ्या अक्षरांत "बारा वर्षांनी परत आलेली वाटी". सगळ्या ग्रुपवर फिरलं. म्हणजे आता शनिवारी दहा वाजता ती वाटी हॉलमध्ये पोचणं भागच होतं.

शनिवारी साडेआठला मी अकरा वाट्या खोक्यात भरल्या आणि बारावी टॉवेलात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली. बाहेर मम्मी झाडत होती. तेवढ्यात फाटक वाजलं. काकू. चार दिवसांत वाळल्यासारखी दिसत होती.

"वाटी दे," ती मम्मीला म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "मला पीठ मोजता येईना. सुनेनं प्लॅस्टिकचं माप दिलंय. भाकऱ्या उरतात तरी न्हाईतर कमी पडतात. हात बसलाय माझा तुमच्या वाटीवर."

मम्मी झाडू धरून उभी. मीच मधे घुसले, मला कुठं दम असतो. "काकू, एक विचारू? त्या दिवशीची खीर खाल्ली होती का तुम्ही?"

"गप ग!" मम्मी.

"विचारू दे तिला," काकू म्हणाली. "न्हाई खाल्ली."

रस्त्यावरनं भाजीवाला गेला.

"सासूबाई होत्या तवा. आधीची दोन वर्षं त्यांनीच परस्पर धुऊन पाठवली. त्या साली वाटी बघितली आन् मोरीत ओतली. मला म्हणल्या, धू, साखर घाल आन् दिऊन ये. आता साखर घालून दिली म्हंजे खाल्ली म्हणून सांगायचंच झालं की. ते मला जमंना. धुतली आन् पिठात खोल सारली. आज देऊ, उद्या देऊ. मग वर्षानं तुमच्याकडनं पेढ्याचा बॉक्स आला, आन् मी समजले की तुमाला समजलंय. मग कुठलं तोंड घिऊन यायचं?"

मला रडू येत होतं आणि राग पण येत होता. राग जास्त. "आणि सासूबाई गेल्यावर? त्यांना जाऊन सात वर्षं झाली काकू. नंतर तरी एकदा मम्मीला आत बोलवायचं!"

काकूनं फाटकाची कडी वर केली, खाली केली, परत वर केली.

मम्मी आत गेली. माझ्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मी मागं पळाले. "मम्मी, दहाला पोचवायचीय! पोस्टर लागलंय!" तिनं टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि वाटी घेऊन फाटकाशी गेली. काकूनं हात पुढं केला आणि थांबली.

"रिकामीच?"

"परत यायची असती तर भरून दिली असती," मम्मी म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

काकूनं वाटी पदराखाली घेतली आणि रस्ता ओलांडून गेली. मम्मी एरवी फाटकाशी आलेल्या कुत्र्याला पण "ये" म्हणते. काकूला ती "आत या" म्हणाली नाही. झाडून घेतलं, झाडू कोपऱ्यात ठेवला, आणि मला म्हणाली, "चल, उशीर हुतोय तुला. मी बी येते."

हॉलवर ताईंनी खोकं उघडलं आणि मोजलं. "बारावी कुठेय?"

"वापरात आहे."

"म्हणजे?"

म्हणजे काय म्हणजे! मी सांगितलं सगळं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, इथल्या किचनमधली एखादी ठेवू, लांबून कुणाला कळतंय. मी नाही म्हटलं. इतक्या दिवसांत ताईंना पहिल्यांदा नाही म्हटलं. टेबलावर 'बारा वर्षांनी परत आलेली वाटी' अशी चिठ्ठी आधीच चिकटवलेली, ती मी नखानं खरडून काढली. अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली.

स्टेजवर मी पॉज घेतलाच नाही. सुसाट बोलले. पाचाची आठ मिनिटं झाली, दोनदा बेल वाजवली त्यांनी, तरी काकूंच्या फाटकाच्या कडीपर्यंत सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. उतरल्यावर एक बाई हात धरून म्हणाल्या, "छान बोललीस हं. आमच्या कॉलनीत मात्र असलं काही नव्हतं बाई, आम्ही सगळ्यांकडचं खायचो." मी विचारलं, कुणाकुणाकडचं? त्या म्हणाल्या, "म्हणजे, सगळे आपलेच होते ना तिथे."

मी बाहेर आले तर मम्मी टेबलाशी उभी. अकरा वाट्या ओळीत, ताईंनी पांढऱ्याशुभ्र भरून ठेवलेल्या. तिनं एका वाटीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ हाय ग हे!"

ताई धावत आल्या. "अहो, साखरेला मुंग्या लागतात ना, दोन दिवस ठेवायचंय. फोटोत सारखंच दिसतं." मी आता फुटणारच होते. पण मम्मी हसायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बरोबर केलंय ह्या पोरीनं." मग थोडा विचार करून तिनं दोन वाट्या ओळीतून पुढं ओढल्या. "फक्त ह्या दोनात साखर घाल. कोपऱ्यावरचे सर खायचे खीर. आन् त्यांच्या शेजारची म्हातारी. वाटी चाटून द्यायची ती."

"पण ह्याच दोन त्यांच्या कशावरून?"

"कुठल्या बी दोन घे. सगळ्यांवर नाव तर आपलंच हाय."

मी त्या दोन वाट्यांतलं मीठ कागदावर ओतलं आणि हॉलच्या बाहेरच्या चहावाल्याकडं साखर मागायला गेले. मागनं ताई ओरडत होत्या की मुंग्या येतील.